गाठीतली गाठभेट

लहानपणी अनवाणी पायात काटा मोडला आणि जखम चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ येई. हात लागला तरी दुखे. घरातली जुनी माणसं सांगत, "अवधाण आलंय. पाय बरा झाला की जाईल." आणि ते जायचंच. मराठीत या गाठीसाठी वेगळा शब्द आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. काटा तळपायात आणि गाठ जांघेत, तरी दोन्हींचा संबंध त्या एका शब्दात धरलेला आहे. जखमेपासून गाठीपर्यंत काहीतरी जातं, एवढं आपल्या माणसांनी नुसत्या बघण्यातून ओळखलं होतं. नेमकं काय जातं, हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

अवधाण फुफ्फुसांनाही येतं. फक्त ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे आणि दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी वालाच्या दाण्यांसारख्या लसिकाग्रंथींचे घोस असतात. छातीत संसर्ग झाला की त्या सुजतात. फुफ्फुसातून या गाठींकडे जाणारी एक वाट आहे, आणि गाठींतून फुफ्फुसाकडे परतणारी दुसरी, बरीच लांबची. न्यूमोनियातून माणूस उठतो की नाही, क्षयाचा जंतू शरीरात मुक्काम ठोकतो की नाही, हे बरंचसं या दोन वाटांवरच्या वाहतुकीवर ठरतं.

आधी फुफ्फुसांची अडचण लक्षात घ्यायला हवी. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी 48 कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून अंथरले तर साधारण 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. शहरातल्या दोन बेडरूमच्या घराएवढी ही जागा, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनहून पातळ. दिवसाला सुमारे 10,000 लिटर हवा इथून ये-जा करते. तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि विषाणूही येतात. इतक्या नाजूक जागी कायमची मोठी छावणी ठोकता येत नाही. लढाई पेटली की सूज येते, पडदा जाड होतो, वायुकोशांत पाणी भरतं आणि प्राणवायू रक्तात शिरेनासा होतो. कोविडच्या दिवसांत ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरताना ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून वायुकोशांत वस्तीला असतात त्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. त्यांपैकी बहुतेकींचे पूर्वज बाळाच्या जन्माच्या आगेमागेच फुफ्फुसात येऊन राहिलेले असतात आणि पुढची पिढी तिथेच वाढते. आलेला कण गिळायचा, पचवायचा आणि गाजावाजा करायचा नाही, ही त्यांची रीत. रोजचा कचरा त्या आणि श्वासमार्गातल्या कफाचा वरवर सरकणारा थर मिळून बाहेर काढतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण एखादा जंतू असा येतो की झाडलोटीने भागत नाही. त्याला नेमका ओळखणाऱ्या टी पेशी लागतात, आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. प्रत्येक टी पेशी जन्मतः फार थोड्या गोष्टी ओळखते. पूर्वी कधी न भेटलेल्या विषाणूचा एखादा तुकडा ओळखू शकेल अशी टी पेशी लाखात, कधी दहा लाखांत एक. ती या क्षणी कुठेही असेल, टाचेजवळ किंवा प्लीहेत. अशा पेशींना शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पहाऱ्यावर बसवणं अशक्य आहे. शरीराने यावर काढलेला तोडगा आपल्या आठवडी बाजारासारखा आहे. विकणारा दारोदार फिरत नाही आणि घेणाराही नाही, दोघंही ठरलेल्या जागी येतात. ती ठरलेली जागा म्हणजे लसिकाग्रंथी.

बाजाराला माल घेऊन जाणारी पेशी ओळखायला बराच काळ गेला. 1868 मध्ये पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या होत्या, पण त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असा त्याचा समज झाला. पुढे 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत अशीच फांद्यांची पेशी सापडली. झाडासाठीच्या ग्रीक शब्दावरून स्टाइनमननी तिला डेंड्रिटिक पेशी म्हटलं. टी पेशींना जागं करण्याचं मुख्य काम तिचं आहे, हे पटवून देण्यात त्यांची पुढची कित्येक वर्षं गेली. 2011 साली 3 ऑक्टोबरला त्यांचं नोबेल जाहीर झालं, पण ते त्याच्या तीन दिवस आधी कर्करोगाने गेले होते. समितीला याची कल्पना नव्हती. मरणोत्तर पुरस्कार न देण्याचा नियम असूनही त्यांचा पुरस्कार कायम ठेवला गेला, आणि ते योग्यच झालं.

श्वासमार्गाच्या अस्तराखाली या पेशींचं जाळं पसरलेलं असतं. अस्तराच्या पेशींमधून त्या आपल्या बारीक फांद्या सरकवून बाहेरचा माल चाचपतात. विषाणू किंवा त्याने मारलेल्या पेशीचा तुकडा हाती लागला आणि भोवती धोक्याची रासायनिक चिन्हं दिसली, की त्यांचा स्वभाव पालटतो. गिळणं थांबतं. गिळलेल्याचे तुकडे करून त्या ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि अंगावर सीसीआर 7 नावाचा ग्राहक रेणू उगवतात. लसिकावाहिन्यांच्या भिंती सीसीएल 21 नावाचं रसायन सोडत असतात, त्याचा माग काढणारं नाक म्हणजे हा सीसीआर 7. मुंगी गुळाकडे जावी तशी ही पेशी त्या मागावर चालू लागते.

लसिकावाहिनी सुरू होते ती बंद टोकाच्या, अतिशय पातळ नळीने. तिच्या भिंतीच्या पेशी सलग शिवलेल्या नसतात. मध्ये झडपांसारख्या फटी असतात आणि त्यांतून पेशी आत शिरते. पुढे नळीतल्या द्रवाचा, म्हणजे लसिकेचा, प्रवाहच तिला वाहून नेतो. लसिकेला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. फुफ्फुसातली लसिका पुढे सरकायला श्वासाचीच हालचाल मदत करते आणि वाहिनीतल्या पडद्या तिला मागे फिरू देत नाहीत. आजाऱ्याचा प्रत्येक श्वास ही खबर थोडी थोडी पुढे ढकलत असतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत देखणं वाटतं. उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की फ्लूचा विषाणू फुफ्फुसात शिरल्यावर एका दिवसात डेंड्रिटिक पेशींची लाट छातीतल्या गाठींत येऊन थडकते.

झाली एक बाजू. घेणारा गाठीत कसा येतो?

याचं उत्तर ऑक्सफर्डमध्ये मिळालं. पेनिसिलिनमुळे नाव झालेले हॉवर्ड फ्लोरी यांनी जेम्स गोवन्स या तरुण संशोधकाला एक जुनं कोडं सोडवायला दिलं. छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीतून रक्तात दिवसभर लहान लिम्फोसाइट पेशी, ज्यांत टी पेशीही येतात, येऊन पडत असतात. त्या इतक्या असतात की रक्तातल्या एकूण लिम्फोसाइटची जागा दिवसातून अनेक वेळा भरून निघेल. तरी रक्तातली त्यांची संख्या वाढत नाही. मग त्या जातात कुठे? बहुतेकांचं मत होतं की त्या अल्पायुषी असाव्यात, कुठेतरी मरत असाव्यात. गोवन्सनी उंदरांच्या त्या वाहिनीत बारीक नळी बसवली आणि लसिका बाहेर काढत राहिले. काही दिवसांत पेशींचा ओघ आटला. मग त्याच पेशी त्यांनी उंदराच्या शिरेत परत सोडल्या, तेव्हा ओघ टिकून राहिला. किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी रक्तात घातल्या, तर त्या लसिकेत पुन्हा उगवल्या. पेशी मरत नव्हत्या, फेऱ्या मारत होत्या. रक्तातून लसिकाग्रंथीत, तिथून लसिकेत, लसिकेतून पुन्हा रक्तात. 1964 मध्ये गोवन्स आणि सहकारी नाइट यांनी रक्तातून गाठीत शिरण्याचा दरवाजाही दाखवला. गाठीतल्या काही बारीक शिरांच्या भिंती नेहमीपेक्षा उंच, फुगीर पेशींच्या असतात. लिम्फोसाइट तिथे भिंतीला घासत गडगडते, मंदावते, चिकटते आणि दोन पेशींमधून अंग चोरून आत जाते. इथेही तोच सीसीआर 7 आणि तेच सीसीएल 21. विकणारा आणि घेणारा एकाच वासावर एकाच जागी येतात.

आतला बाजार जिवंतपणी पाहायला मिळाला 2002 मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रातल्या मायकेल कॅहलन, इयन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेष सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या गाठीचं चलच्चित्र घेतलं. तोवर पुस्तकांतल्या चित्रांत टी पेशी सुपारीसारख्या गोल आणि निश्चल असत. चित्रफितीत त्या अंग लांबवत, वळत, मिनिटाला साधारण दहा मायक्रॉन या वेगाने हिंडताना दिसल्या. एकेका डेंड्रिटिक पेशीला तासाभरात शेकडो टी पेशी चाटून जातात. भेट काही मिनिटांची. तुकडा ओळखीचा नसेल तर टी पेशी पुढे जाते, आणि अर्ध्या ते एका दिवसात ही गाठ सोडून दुसऱ्या गाठीच्या वाटेला लागते. माणसाच्या शरीरात अशा 500 हून अधिक गाठी आहेत.

ओळख पटली तर मात्र टी पेशी थबकते. मराठीत गाठ म्हणजे ग्रंथी आणि गाठ पडणं म्हणजे भेट होणं. इथे दोन्ही अर्थ एकाच जागी खरे होतात. तासन् तास त्या दोघी एकमेकींना चिकटून राहतात. मग टी पेशी फुगते आणि दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि चार-पाच दिवसांत हजारो.

अवधाण का येतं याचा उलगडाही इथेच होतो. खबर आली की गाठीकडे येणारं रक्त वाढतं, जास्त लिम्फोसाइट आत शिरतात आणि बाहेर पडण्याचं दार काही काळ मिटतं. आत येणारी गर्दी चालू आणि बाहेर जाणं बंद, मग गाठ फुगणारच. हवी ती एक पेशी सापडेपर्यंत कुणालाही जाऊ द्यायचं नाही, असा हा बंदोबस्त. पुढे निवडलेल्या पेशींची संख्या वाढते तशी सूज आणखी वाढते.

ते दार मिटतं आणि उघडतं कसं, हे कळलं एका बुरशीमुळे. कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीत क्योटोचे तेत्सुरो फुजिता यांना एक द्रव्य मिळालं आणि त्यापासून फिंगोलिमॉड हे औषध तयार झालं. ते दिलं की रक्तातल्या लिम्फोसाइट झपाट्याने कमी होत. त्या मरत नव्हत्या, गाठींत अडकून पडत होत्या. 2004 मध्ये जेसन सिस्टर यांच्या गटाने कारण दाखवलं. रक्तात आणि लसिकेत एस वन पी नावाचा मेदपदार्थ भरपूर असतो, गाठीच्या आत अगदी थोडा. टी पेशीच्या अंगावर त्याचा ग्राहक रेणू असेल तरच तिला बाहेरची वाट कळते. धोक्याच्या वेळी पेशी हा रेणू आत ओढून घेते, काम झालं की पुन्हा बाहेर मांडते. फिंगोलिमॉड तो रेणूच निकामी करतं. आपल्याच पेशी मेंदूवर चालून जातात त्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात 2010 पासून हे औषध वापरलं जातं.

दार उघडलं की परतीची वाट सुरू होते, आणि ती गेल्या वाटेने नाही. लसिका उलटी वाहत नाही. छातीतल्या गाठींतून सुटलेल्या टी पेशी लसिकेबरोबर वर चढतात, गळ्याच्या बुंध्याशी मोठ्या शिरांत पडतात, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात. उजवा कप्पा रक्त धाडतो ते थेट फुफ्फुसात. म्हणजे गाठीतून निघालेल्या पेशीला रक्तातून भेटणारं पहिलं केशवाहिन्यांचं रान फुफ्फुसाचंच असतं. जळत्या भागातल्या वाहिन्यांनी अंगावर खुणा उभारलेल्या असतात, आणि फुफ्फुसाकडून आलेल्या डेंड्रिटिक पेशींनी जाग्या केलेल्या टी पेशींपाशी त्या खुणा ओळखणारे रेणू असतात. निरोप कुठून आला होता हे जणू पाकिटावरच लिहिलेलं असतं. फ्लू झालेल्या उंदराच्या फुफ्फुसात पाचव्या-सहाव्या दिवसापासून या पेशी हजर होऊ लागतात आणि विषाणूने बळकावलेल्या पेशी मारू लागतात. माणसाचा फ्लूही साधारण आठवडाभरात उतरतो.

हा सगळा प्रवास ज्याने लांबवला तो जंतू म्हणजे क्षयाचा.

इथे अँटोन गोन या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही, पण त्याचा मुंबईशी संबंध आहे. 1897 मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, कारण जांघेत नाहीतर काखेत गाठ उठायची. पिसूने पायाला दिलेला जंतू लसिकेतून गाठीत पोहोचलेला असायचा. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला डॉक्टरांची एक तुकडी धाडली, तिच्यात गोन होता. पुढे 1912 मध्ये मुलांच्या क्षयावर त्याचं पुस्तक आलं. क्षयाने गेलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात त्याला एक जोडी पुन्हा पुन्हा दिसली होती. फुफ्फुसात एक लहानसा व्रण, आणि त्या भागाची लसिका जिथे जाते त्या गाठीही बाधलेल्या. मुंबईत पाहिलेल्या गाठींची त्याला तेव्हा आठवण झाली असेल का, असं मला नेहमी वाटतं. छातीच्या एक्स-रेवर दिसणाऱ्या त्या व्रणाला आजही गोनचं नाव आहे.

क्षयाचा जंतू वायुकोशात येतो, तिथली भक्षक पेशी त्याला गिळते, आणि तो मरायचं नाकारतो. भक्षक पेशीचा स्वभाव गाजावाजा न करण्याचा, आणि जंतूला नेमकं तेच हवं असतं. तो दुभंगतोही सावकाश, साधारण वीस तासांतून एकदा. उंदरांत दिसतं की तो गाठीत पोहोचायलाच आठ-नऊ दिवस लागतात. जिवंत जंतू गाठीत आल्याशिवाय टी पेशी जाग्या होत नाहीत, आणि त्या फुफ्फुसात परतेपर्यंत दोन आठवडे उलटलेले असतात. तोवर फुफ्फुसात जंतूंची वसाहत झालेली असते. माणसात मॉन्टू चाचणीला होकार यायला लागण झाल्यापासून दोन ते आठ आठवडे जातात. त्या चाचणीची सुई टोचल्यावर डॉक्टर हात दाखवायला दोन-तीन दिवसांनी बोलावतात, तेही याच प्रवासामुळे. त्या टोचलेल्या जागी ओळखीच्या टी पेशी रक्तातून येऊन जमायला तेवढा वेळ लागतो.

उशिरा आलेल्या टी पेशी जंतूंना बहुधा संपवू शकत नाहीत, पण भोवती कडं करून कोंडून ठेवतात. लागण झालेल्या दहांतल्या नऊ जणांना आयुष्यभर आजार होत नाही तो यामुळेच. एचआयव्हीने टी पेशी घटल्या, मधुमेह किंवा कुपोषणाने प्रतिकार खचला, की कडं तुटतं. कधी जंतू मानेतल्या गाठींत जाऊन बसतो. आपल्याकडे जुन्या काळापासून जिला गंडमाळा म्हणतात, ती पुष्कळदा हीच असते.

लसीचा विचारही आता या वाटांच्या नकाशावर होऊ लागला आहे. बाळाला बीसीजी डाव्या दंडावर टोचतात आणि एखाद्या बाळाच्या डाव्या काखेत गाठ येते, कारण दंडाची लसिका तिथे जाते, छातीत नाही. बीसीजी लहान मुलांना गंभीर क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापुढे मात्र कमी पडते. 2020 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सेडर, जोॲन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी तीच बीसीजी दहा माकडांना शिरेतून दिली. त्यांच्या फुफ्फुसांत भरपूर टी पेशी जमल्या आणि दहांपैकी नऊ माकडं क्षयापासून बचावली. माणसांना अशी लस देणं सोपं नाही, पण पेशी आधीच घरात हजर असतील तर काय होतं, हे त्यातून दिसलं. नाकात फवारायच्या लसींमागेही हाच विचार आहे. पुण्यात 2009 मध्ये स्वाइन फ्लूने घबराट उडवली, त्यानंतर 2010 मध्ये तिथल्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे द्यायची लस आणली होती. संसर्गानंतर फुफ्फुसात मागे राहणाऱ्या टी पेशी, म्हणजे स्मृतिपेशी, गाठीची फेरी टाळून जागेवरच लढतात. फ्लूनंतरच्या अशा पेशी उंदराच्या फुफ्फुसात काही महिन्यांतच विरळ होतात, हीच मोठी अडचण.

एक गोष्ट सांगायची राहिली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अवयवदात्यांच्या गाठी तपासून 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. वय वाढतं तशा फुफ्फुसाच्या गाठी काळ्या पडत जातात, आतड्याच्या गाठी मात्र म्हातारपणीही फिकट राहतात. ज्या वाटेने खबर जाते त्याच वाटेने हवेतली काजळीही जाऊन साठते. ज्या भक्षक पेशींत ती साठली, त्यांची गिळण्याची ताकद घटलेली आढळली. चुलीचा धूर, सिगारेट, रहदारीचा धूर यांचा हिशेब फुफ्फुसापाशी संपत नाही.

अवधाण जखमेबरोबर जातं. मानेतली किंवा काखेतली गाठ जखम नसताना आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, सोबत संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्या. ती तपासणी आणि क्षयाची औषधं दोन्ही मोफत मिळतात.